डांबऱ्याचा वाटा

पडघ्याच्या नाक्यावर द्राक्षांचे टेम्पो उभे राहिले की माझी स्कूटी आपोआप हळू होते. थंडी पुरती गेलेली नसते, दुपारी मात्र पाठ चांगली भाजते, आणि कसारा घाट उतरून नाशिककडची मंडळी रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून बसलेली असतात. पुठ्ठ्याच्या पेट्या, पेट्यांत कागदाची कात्रणं, कात्रणांत निजलेले हिरवे घड. मण्यांवर पांढुरकी साय असते. बोटानं पुसली की खालचा मणी लख्ख दिसतो. गोदामांकडे वळणारे ट्रक दिवसभर धूळ उडवत असतात, तरी सकाळच्या वेळी डिझेलच्या वासातूनही द्राक्षांचा ओलसर, आंबूस वास नाकाला लागतोच. त्याच रस्त्यावरच्या एका गोदामाच्या ऑफिसात माझी नोकरी आहे, त्यामुळे हंगाम लागला हे मला कुणी सांगावं लागत नाही.

"ताई, एक मणी खाऊन तं बघा, मंग बोला," टेम्पोवाला हात पुढे करतो.

मी खाते. गोड असतो. पाव किलो घेते, ऑफिसात डबा झाल्यावर मैत्रिणींबरोबर संपवते, आणि संध्याकाळी हात धुऊन, रिकामी पिशवी टाकून शेलारला घरी जाते. बरीच वर्षं असंच चाललंय. आमच्या घरात द्राक्ष येत नाही. मनुकाही येत नाही. का, ते सांगायचं तर माझ्या सासऱ्यांबद्दल सांगावं लागेल आणि त्यांच्या कुत्र्याबद्दल सांगावं लागेल, आणि त्या दोघांना एकमेकांपासून सोडवून सांगणं काही मला जमणार नाही.

सासरे म्हणजे बाबा. आमची भातशेती होती तेव्हा ते शेतात असत आणि भरती-ओहोटी बघून खाडीवर जात. आता शेतात गोदामं उभी आहेत, खाडीचं पाणी पहिल्यासारखं राहिलेलं नाही, आणि बाबा ओट्यावर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत बसतात. गोदामांचे ड्रायव्हर उत्तरेकडचे. बाबा त्यांच्याशी हिंदी बोलतात. ती हिंदी ऐकून ड्रायव्हर लोक मराठी शिकले, असं माझा नवरा विलास म्हणतो.

खाडीवरच्या दिवसांतली एक सवय बाबांच्या अंगात मुरलेली. मासळी किनाऱ्याला आली की तिचे वाटे पडत. होडीचा एक, जाळ्याचा एक, प्रत्येक माणसाचा एक, आणि किनाऱ्यावर जाळी राखत बसलेल्या कुत्र्याचा एक. कुत्र्याचा वाटा आधी टाकायचा, मग बाकीच्यांनी आपापला उचलायचा. तो राखणदार, त्याला शेवटी ठेवलं तर पुढच्या खेपेला खाडी हात आखडते, असं जुनी माणसं मानत. खाडी सुटली, जाळी विकली गेली, वाट्याची रीत मात्र बाबांनी घरी आणली. दारातल्या कुत्र्याला घातल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. भाकरी असो, मासा असो, नाहीतर हंगामाचं पहिलं फळ.

मला हे लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला कळलं. मी भिवंडीच्या निजामपुऱ्यात वाढलेली. आमच्या गल्लीत कापडाच्या लूमच्या खटखटाटात कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करत, आणि कुत्रा दिसला की आई मला हाताला धरून पलीकडे ओढायची. इथे पाटावर नवी सून बसलेली, ताट वाढलेलं, सगळे थांबलेले, आणि सासरे कुठे आहेत म्हणून बघावं तर ते अंगणात उकिडवे बसून एका काळ्याभोर कुत्र्याला बोंबील भरवतायत. काटा काढून. सासूबाईंनी माझा चेहरा बघितला.

"थांब जरा, बाय," त्या म्हणाल्या. "त्याचा मान पयला. मीपन या घरात दुसऱ्या नंबरला हाय. तुझा तिसरा."

तो डांबऱ्या. शेलारच्या रस्त्यावर डांबर पडत होतं तेव्हा हे पिल्लू कुठूनसं आलं आणि ताज्या डांबरात पाय रुतवून केकाटत उभं राहिलं. बाबांनी उचलून आणलं, खोबरेल लावून लावून एकेक पंजा सोडवला, आणि डांबर निघाल्यावर लक्षात आलं की पिल्लू मुळातच त्या रंगाचं आहे. फक्त शेपटीचं टोक पांढरं. ते टोक बघून मी त्याला अंधारात ओळखायची आणि लांबून जायची. मग कधीतरी लांबून जायचं बंद झालं. कधी ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की पहिल्या बाळंतपणानंतर मी माहेराहून परत आले तेव्हा हा प्राणी माझ्या पायात इतका घुटमळला की पिशव्या खाली ठेवून मी ओट्यावर बसले आणि रडले. बाळ विलासच्या हातात होतं, आणि मी कुत्र्याच्या गळ्यात पडून रडत होते.

फळं खाण्याची त्याची एक तऱ्हा होती. पेरू कराकरा चावायचा. कलिंगडाच्या फोडीत तोंड खुपसायचा आणि मग नाकपुड्यांवर लाल पाणी घेऊन घरभर फिरायचा. आंबा मात्र बाबा त्याला हातावर रस घेऊन चाटवत आणि कोय आपण चोखत. द्राक्षाचा मणी त्याला पहिल्यांदा दिला तेव्हा त्यानं तो तोंडात घोळवला, जमिनीवर टाकला, पंजानं ढकलला, त्याच्याकडे मान तिरकी करून बघितलं, मग दातांत धरला. तो फुटला तसा डांबऱ्या दचकून मागे सरला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे दर वर्षी पेटी मीच पडघ्याहून आणायची, पहिला मणी देव्हाऱ्यात जायचा, दुसरा डांबऱ्याला, आणि तो दचकतो का हे बघायला सगळं घर दारात गोळा व्हायचं. एखाददुसरा मणी मिळायचा त्याला. त्यानं कधी काही झालं नाही.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात होता आणि लग्नंही. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. नात्यातल्याच एकीची हळद होती आणि सगळं घर नटूनथटून सकाळीच निघालं. बाबांचा गुडघा धरलेला, ते म्हणाले, तुम्ही जा, आम्ही दोघं हाव घरी. आदल्या दिवशीच मी पेटी आणली होती. ती त्यांच्या खुर्चीपाशी ठेवली आणि आम्ही गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा कानात बेंजो वाजत होता, अंगाला हळद लागलेली होती आणि ओट्यावर दोन तृप्त जीव बसले होते. पेटीत नुसती कात्रणं आणि काड्या. सासूबाई म्हणाल्या, "अख्खी पेटी खाल्लीत का काय?"

"एकटा न्हाय खाल्ली," बाबा म्हणाले. "एक मना, एक त्याला. एक मना, एक त्याला. दिस कसा गेला कलला न्हाय."

'मला'ला 'मना' म्हणत ते इतकं गोड बोलले की सासूबाईंनी रिकामी पेटी हसतच उचलली. मी डांबऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं शेपटीचं पांढरं टोक एकदा हलवलं.

सकाळी तो उठला नाही. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पडून होता. दोनदा ओकला, त्यात द्राक्षांच्या साली होत्या. पाणी मात्र प्यायचा, मोठं भांडंभर प्यायचा, आणि थोड्या वेळानं तेही बाहेर काढायचा. बाबांनी भाकरीचा तुकडा पुढे केला तर त्यानं मान फिरवली. बाबांच्या हातापासून त्यानं मान फिरवलेली मी तोवर पाहिली नव्हती. हात तसाच पुढे राहिला, आणि मग बाबांनी तो तुकडा आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"कुठल्या तरी मांडवात जाऊन हाडं चघळली असतील," विलास म्हणाला. विलासनं नुकतीच गाडी घेतली होती आणि डांबऱ्यावर त्याचा राग होता, कारण तिच्या चाकांवर पाय वर करण्याचा मान डांबऱ्यानं पहिल्याच दिवशी घेतला होता. तेव्हापासून चारी चाकांपाशी निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असत. निळं पाणी बघून कुत्रं बिचकतं म्हणतात. डांबऱ्या कधी बिचकला नाही. पण त्या सकाळी विलासनंच गाडीचं मागचं दार उघडलं, स्वतःचा अंघोळीचा टॉवेल सीटवर पसरला आणि त्याला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं.

भिवंडीत जनावरांच्या डॉक्टरीणबाई होत्या, एका लूमच्या कारखान्याला लागून त्यांचा दवाखाना. भिंतीपलीकडे लूम चालू, त्याच्या ठोक्यांनी औषधाच्या बाटल्या बारीक किणकिणत होत्या. मी असल्याच आवाजात लहानाची मोठी झाले, तरी त्या दिवशी तो आवाज मला सोसवेना. बाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी डांबऱ्याचं पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "काल-परवा काय काय खाल्लं यानं? कचऱ्यातलं वगैरे काही?"

विलास मांडवातल्या हाडांचं सांगायला लागला, पण बाबांनी त्याला थांबवलं. त्यांना तो अपमान वाटला असावा.

"माजा कुत्रा कचऱ्यात तोंड घालत न्हाय," ते म्हणाले. "कवाच न्हाय. काल दिसभर माज्यापाशी होता. मी माज्या हातानं त्याला दराक्षं चारली. चांगली धुऊन. एक मना, एक त्याला."

बाईंचा हात डांबऱ्याच्या पोटावर तसाच थांबला. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला आधी कळलं. बाबांना नाही कळलं. ते आणखी सांगत होते, की पेटी पडघ्याची होती, माल ताजा होता, एकही मणी सडका नव्हता.

"बाबा," बाई म्हणाल्या, "द्राक्षं कुत्र्यांना चालत नाहीत. मूत्रपिंडं खराब होतात त्यांची."

"आधी खाल्लीत की त्यानं. दर वर्षाला खातो."

"एखाददुसरा मणी पचून गेला असेल. एकेका कुत्र्याला काही होत नाही, एकेकाला मूठभरानं होतं. कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही. हे पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं, बाबा. तुम्ही प्रेमानंच दिलीत."

शेवटचं वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. बाबांना तेच लागलं. ते बाकावर बसले आणि आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघायला लागले. मासळीचे वाटे घालणारे, डांबरातून पंजे सोडवणारे हात. त्या क्षणी मला सासऱ्यांची इतकी माया आली, की हा माणूस माझ्या पोटचा असता तर बरं झालं असतं, मांडीवर घेऊन थोपटलं असतं, असं काहीतरी वेड्यासारखं वाटून गेलं.

बाईंनी रक्त तपासलं. सुरुवातीलाच आणलं असतं तर ओकारी काढता आली असती, आता सलाईनच द्यायचं, म्हणाल्या. रोज यायचं. आणि घरी एकच गोष्ट बघायची, लघवी होते का. पाणी पितोय आणि लघवी नाही, असं झालं तर मूत्रपिंडं बंद पडत चालली. लघवी मोकळी सुटली तर आशा आहे.

मग आमच्या घरात जे दिवस गेले ते आज आठवले की हसू येतं. सगळं घर एका कुत्र्याच्या लघवीकडे डोळे लावून बसलं. सासूबाई देवाला दिवा लावताना तेच मागायच्या, अगदी मोठ्यानं, आडपडदा न ठेवता. मी ऑफिसातून फोन करायची, "झाली का?" आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायची. सकाळी दवाखाना, सलाईन, बाबा डांबऱ्याचा पाय धरून बाकावर. दवाखान्यातला मदतनीस त्यांना म्हणायचा, "चाचा, आप चाय पी के आओ, मैं पकड़ता हूँ." बाबा मान हलवायचे. पाय सोडायचे नाहीत.

आणि जेवायचेही नाहीत. ती खरी पंचाईत होती. डांबऱ्या घास घेत नव्हता, आणि त्याचा वाटा उचलला गेल्याशिवाय बाबांनी आपला उचलायचा कसा? पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, मनाला लागलंय, उद्या जेवतील. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ताट त्यांच्या पुढ्यात आदळलं.

"बीपीची गोली उपाशी पोटी घेता. तुम्ही पन पडा त्याच्या बाजूला. मी दोघांना संगंच सलाईन लावते."

"त्यानं माज्या हातचं खाल्लं म्हनून पडलाय तो," बाबा म्हणाले. "आता त्यानं खाल्ल्याबिगर मी खाऊ? कुठल्या तोंडानं खाऊ?"

ते चहा घ्यायचे. चहात डांबऱ्याचा वाटा कधीच नव्हता, म्हणून तेवढा चालत असे. चहात मी चोरून साखर आणि दूध वाढवायची, आणि बाबा तो ओळखून गप्प पीत. पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता, भिंत धरून चालत होते. सासूबाई रागावून आत जायच्या आणि तिथे डोळे पुसायच्या. कुत्रा गेला तर त्याच्यामागोमाग काय जाईल, हे बोलून दाखवायची हिंमत आमच्यात कुणाला नव्हती.

आणि एका सकाळी विलासनं बाहेरून हाक मारली. मोठ्यानं नाही, उलट दबक्या आवाजात, झाडावर पाखरू बसलं असेल आणि ते उडू नये अशा बेतानं. "बाबा, बाहेर या. हळू या."

आम्ही सगळे दारात. विलास फडकं हातात घेऊन गाडी पुसत होता तो तसाच थिजलेला. टाकीच्या आडोशातून डांबऱ्या उठला होता. पायाला सलाईनच्या सुईची पट्टी. झोकांड्या खात, मधे एकदा बसून, तो गाडीपर्यंत आला. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबला. चाकापाशी निळ्या पाण्याची बाटली होती. विलासनं ती पायानं हळूच बाजूला सारली. डांबऱ्यानं गाडीला अंग टेकवलं, मागचा पाय थरथरत जेमतेम उचलला, आणि विलासच्या नव्या गाडीच्या चकचकीत चाकावर धार धरली. ती किती वेळ चालली म्हणून सांगू. "कर बाबा, कर," विलास म्हणत होता. "सावकाश कर. चारी चाकं तुझीच." आणि तो फडक्यानं डोळे पुसत होता, गाडीच्या फडक्यानं.

त्या दिवशी दुपारी डांबऱ्यानं तांदळाची पेज चाटली. भांड्यातली नाही, बाबांच्या तळव्यातली. तळवा स्वच्छ झाल्यावरही तो चाटत राहिला. मग बाबा उठले, हात न धुता पाटावर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "वाढ."

डांबऱ्या बरा झाला. पूर्वीसारखा धावला नाही पुन्हा, पण बरा झाला. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला काय काय टाळायचं ते तोंडी सांगितलं आणि सासूबाईंनी ते पाठ करून टाकलं. द्राक्षं नाहीत, मनुका नाहीत. सीताफळाच्या बिया नाहीत. सफरचंद द्यायचं तर बिया काढून. आंब्याची कोय हाती लागू द्यायची नाही, गिळली तर आतड्यात अडकते. करमळंसुद्धा नाहीत, ती पाच कंगोऱ्यांची आंबट. परदेशातलं ते लोण्यासारखं हिरवं फळ, तेही नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "ते आमच्यात मानसं पन खात न्हाईत." पण सीताफळाच्या दिवसांत त्या पोरांच्या पुढ्यात झाकणाचा डबा ठेवून बसू लागल्या. बी तोंडातून डब्यात, डब्याला झाकण. सत्यनारायणाला शिरा केला की आधी मनुकांशिवाय थोडा बाजूला काढून त्यावर वाटी पालथी घालायच्या. एकदा भटजींनी विचारलं, हा नैवेद्य वेगळा कुणाचा? सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे नाही, दाराकडे बोट केलं. दोनतीन वर्षांत मनुकांचा तो घोळच नको म्हणून सगळ्याच शिऱ्यातून मनुका गेल्या.

आणि बाबांनी द्राक्षं सोडली. कुणी सोडा म्हटलं नव्हतं. पुढच्या हंगामात मी न राहवून थोडी आणली, निदान घरातल्यांना तरी म्हणून. बाबांसमोर वाटी ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली.

"त्याचा वाटा न्हाय त्यात," ते म्हणाले. "त मग माजा पन न्हाय. तुम्ही खावा."

तुम्ही खावा म्हटलं तरी ओट्यावर ते दोघं आमच्याकडे बघत बसलेले असताना खाणार कोण? सासूबाईंनी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून दोन मणी खाल्ले, आणि नंतर म्हणाल्या, "नको आनू बाय परत. घशाखाली उतरत न्हाय."

पुढे बाबांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी त्यांचा आंबा बंद केला. मला वाटलं, आता फिटंफाट होणार. पण डांबऱ्याचा, बाबांच्या हातावरचा रस काही बंद झाला नाही. बाबा स्वतः तोंडाला न लावता त्याला चाटवत आणि म्हणत, "मी याच्यासाठी दराक्षं सोडली. यानं माज्यासाठी आंबा सोडला का? बघ. बघ कसा खातो, नालायक." आणि ते 'नालायक' ऐकून डांबऱ्या शेपूट हलवायचा.

आपल्याला जे गोड लागतं ते साऱ्या जगाला गोडच असणार, असं आपण किती सहज धरून चालतो. माझी आई मला आजारपणात तूप-भात भरवायची आणि मी नको म्हटलं की तिला राग यायचा. मीही माझ्या पोरांच्या ताटात न मागता वाढतेच. हातातलं दुसऱ्याच्या तोंडात घालावं, एवढंच प्रेम आम्हाला ठाऊक होतं. देता देता हात मागे घेणं, आणि मग तो आपल्याही तोंडाशी न नेणं, हे मी बाबांकडून शिकले. शिकले म्हणजे बघितलं. मला काही ते जमत नाही, मी ऑफिसात द्राक्षं खातेच.

डांबऱ्या गेल्या श्रावणात गेला. म्हातारा होऊन, डोळ्यांत मोती घेऊन, बाबांच्या खुर्चीखाली झोपेत. पाऊस उघडलेला होता. पेरूच्या झाडाखाली विलासनं खड्डा खणला, आणि बाबांनी त्या शेपटीच्या पांढऱ्या टोकावर सगळ्यात शेवटी माती लोटली. त्यानंतर जेवायच्या वेळी बाबा पहिला घास हातात घेऊन दारापर्यंत जातात, गल्लीतलं कुठलं तरी कुत्रं असतं, त्याला घालतात. घालतात, पण त्याच्यापाशी बसत नाहीत.

परवा पडघ्याला पुन्हा टेम्पो लागले. "ताई, खाऊन तं बघा." मी मणी खाल्ला, आणि मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, अर्धा किलो तोलायला सांगितली आणि ती डिकीत टाकून घरी नेली. वाटेत दोनदा वाटलं, फेकून द्यावी. बाबांना बोचेल. त्या दिवसाची आठवण कशाला काढायची.

बाबा ओट्यावर होते. मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आत बघितलं. मग स्वतः उठले, नळावर घड धुतला. एक मणी देव्हाऱ्यात ठेवून आले. आणि चांगला भरघोस एक झुबका तोडून, भिंत धरत, अंगण ओलांडून पेरूच्या झाडापाशी गेले.

मी मागोमाग गेले, गुडघ्यानं दगा दिला तर हात द्यायला. ते खाली बसले. बोटांनी माती उकरली, चांगली खोल, आणि झुबका आत ठेवला.

"वरती ठेवला त दुसरं कुत्रं येऊन खाईल," ते मला म्हणाले. मग माती सारखी करत त्याला म्हणाले, "खा आता. पोट भरून खा. आता तुला काय व्हनार न्हाय."

मी त्यांना हात देऊन उठवलं, नळावर माती धुतली. ओट्यावर आल्यावर त्यांनी मणी तोंडात टाकला, इतक्या वर्षांनी, आणि डोळे मिटून घोळवत राहिले.

"जरा आंबट हायत," म्हणाले. मग खुर्चीशेजारच्या जागेकडे बोट दाखवलं. ओट्याची ती जागा घासून घासून काळी पडलेली आहे, इतकी वर्षं तिथे एकच जण बसत आला. "बस इथं, बाय."

मी बसले. या घरात माझा तिसरा नंबर होता, तो त्या संध्याकाळी पहिला झाला.

"घे," बाबा म्हणाले आणि माझ्या तळव्यावर मणी ठेवला. "एक तुला, एक मना."